गर्भ रुजण्याची वेळ

पेरणीला वाफसा लागतो, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. पाऊस पडून जमीन चिखल झालेली असताना तिफण चालत नाही, आणि फार दिवस थांबले तर वरचा थर सुकून बियाणे वाया जाते. मधले थोडे दिवस तेवढे खरे. गोठ्यातली गोष्ट अशीच. गाय सकाळी माजावर आलेली दिसली तर संध्याकाळी भरवावी आणि संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी, हा नियम कृत्रिम रेतन करणारा माणूस गावोगाव सांगत असतो. श्रोतेहो, निसर्गात वेळेला असे मोल आहे. माणसाचा गर्भ रुजण्याची वेळ कोणती, हे मात्र शास्त्राला उमगायला विसावे शतक उजाडावे लागले. ही वेळ प्रत्येक स्त्रीपुरती वेगळी काढता येते काय, हा वाद तर अगदी अलीकडचा आहे. त्या शोधाचा आणि त्या वादाचा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

हा इतिहास ऐकण्याचे कारण केवळ कुतूहल नव्हे. आज तालुक्याच्या गावापर्यंत वंध्यत्वावर उपचार करणारी केंद्रे पोहोचली आहेत. लोक ज्याला ‘टेस्ट ट्यूब बेबी’ म्हणतात तो उपचार शेतकरी, शिक्षक, कारकून असे सगळे घेतात. घरचे सोने मोडून, कधी जमिनीचा तुकडा विकून घेतात. एकदा अपयश येते, दोनदा येते. तिसऱ्या खेपेला कोणीतरी सांगते, ‘‘भ्रूण चांगला होता, पण बाईंची वेळ चुकते आहे. एक तपासणी करून वेळ काढू.’’ या एका वाक्यात आशा आहे, खर्च आहे आणि नकळत ‘दोष बाईचाच’ असा निवाडाही आहे. म्हणून त्या वाक्याच्या मागे काय उभे आहे, ते नीट समजून घ्यायला हवे.

सुश्रुतसंहितेत गर्भधारणेसाठी चार गोष्टींचा मेळ सांगितला आहे : ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. यांत ऋतू म्हणजे वेळ, ती पहिली. विचार मोठा मार्मिक आहे. पण व्यवहारात आपल्या समाजाने चारांतले एक क्षेत्रच तेवढे धरून ठेवले आणि मूल झाले नाही की बाईला वांझ म्हणून मोकळा झाला. वेळेचा आणि बीजाचा विचार मागे पडला.

युरोपातही अंधार कमी नव्हता. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक विद्वान डॉक्टरांची अशी समजूत होती की, स्त्रीची पाळी म्हणजे जनावराचा माज. कुत्रीला माजाच्या सुमारास रक्त जाते, त्यावरून हा तर्क. तेव्हा गर्भ राहण्याचे दिवस पाळीच्या आगेमागे असे ते सांगत. म्हणजे ज्या दिवसांत शक्यता सर्वांत कमी, नेमके तेच दिवस! जपानमधील निगाता येथील स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकू ओगिनो यांनी हा गोंधळ दूर केला. पोटाच्या शस्त्रक्रिया करताना ते अंडाशय स्वतः पाहत आणि पाळीच्या तारखांशी ताडून बघत. १९२४ साली त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. त्याच दशकात ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाला पोहोचले. सार असे की, स्त्रीबीज अंडाशयातून सुटते ते पुढची पाळी येण्याच्या साधारण चौदा दिवस आधी. मागच्या पाळीपासून मोजण्यापेक्षा पुढच्या पाळीपासून उलटे मोजावे, ही यातली खुबी.

हे झाले बीज सुटण्याविषयी. पण बीज सुटले, त्याचे फलन झाले, तरी तो गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला हवा. त्याची वेळ कोणती? याचे धडे प्रथम सशांनी दिले. इंग्लंडमधील वॉल्टर हीप यांनी २७ एप्रिल १८९० रोजी अंगोरा जातीच्या सशिणीचे दोन कोवळे भ्रूण काढून बेल्जियन जातीच्या सशिणीच्या पोटात ठेवले. त्या सशिणीचा तिच्या जातीच्या नराशीही संयोग झालेला होता. तिला सहा पिल्ले झाली, चार बेल्जियन आणि दोन लांब केसांची अंगोरा. परक्या पोटात वाढूनही अंगोरा ते अंगोराच राहिले. भ्रूण एका पोटातून काढून दुसऱ्या पोटात रुजवता येतो, हे जगाला प्रथम कळले ते असे.

पुढे चीनमधून येऊन अमेरिकेत स्थायिक झालेले मिन च्युए चँग यांनी हा विषय वेळेच्या अंगाने तपासला. सशिणीचे एक वैशिष्ट्य असे की, नराशी संयोग झाल्यावरच तिचे बीज सुटते. त्यामुळे तास मोजणे सोपे जाते. १९५० साली चँग यांनी दाखवून दिले की, भ्रूणाचे वय आणि ज्या पोटात तो ठेवायचा त्या पोटाची तयारी यांचा मेळ असला तरच भ्रूण तग धरतो. हा फरक वाढत गेला की जगणारे भ्रूण घटत जातात. आज गायींमध्ये भ्रूणरोपण करताना देणारी गाय आणि घेणारी गाय एकाच वेळी माजावर याव्यात म्हणून धडपड असते, तिच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

बाईच्या बाबतीत असे प्रयोग करणे शक्य नव्हते. तेथे अमेरिकेत बोस्टनजवळ दोन डॉक्टरांनी दुसरी वाट काढली. जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आर्थर हर्टिग हे विकृतिशास्त्रज्ञ. काही आजारामुळे ज्या स्त्रियांचे गर्भाशय काढायचेच ठरले होते, त्यांच्या पाळीच्या व संबंधाच्या तारखा त्यांनी टिपून ठेवल्या आणि काढलेल्या गर्भाशयात अगदी सुरुवातीचा गर्भ सापडतो काय, हे पाहिले. १९३८ पासून पंधराएक वर्षे हे काम चालले आणि हाती आले ३४ भ्रूण. पहिले काही दिवस गर्भ मोकळाच तरंगत असतो आणि साधारण आठवडाभराने अस्तराला चिकटतो, हे त्यावरून कळले. याच दोघांनी रॉबर्ट नॉइज यांच्यासह १९५० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. अस्तराचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, बीज सुटल्याला किती दिवस झाले, हे कसे ओळखावे याचे ते जणू पंचांगच होते. पुढची पन्नास वर्षे डॉक्टर त्या पंचांगावर विसंबून राहिले. त्याचे पुढे काय झाले, ते थोड्या वेळाने सांगतो.

मध्यंतरी शरीरातील यंत्रणाही उलगडत गेली. बीज सुटले की अंडाशयातील त्या रिकाम्या जागी पीतपिंड नावाची एक तात्पुरती ग्रंथी तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन हे द्रव्य रक्तात सोडते. या द्रव्यामुळे अस्तर मऊ, रसाळ आणि गर्भाला धरून ठेवण्यासारखे होते. पीतपिंडाचे आयुष्य मात्र सुमारे चौदा दिवसांचे. तेवढ्यात गर्भ रुजून त्याने ‘मी आलो’ असा रासायनिक निरोप धाडला तर ग्रंथी टिकते. निरोप आला नाही तर ती सुकते, अस्तर गळून पडते आणि पाळी येते. म्हणजे अस्तर तयार होण्याआधी आलेला गर्भ रुजत नाही आणि फार उशिरा आलेल्याला आधार मिळेनासा होतो.

आता येतो १९७८ सालाकडे. इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी हे तिघे कित्येक वर्षे शरीराबाहेर फलन केलेले भ्रूण गर्भाशयात ठेवत होते आणि एकामागून एक अपयश पदरी घेत होते. स्त्रीबीजे अधिक मिळावीत म्हणून ते औषधे देत. त्या औषधांनी महिन्याचा उत्तरार्ध आखडतो आणि अस्तराचे वेळापत्रक बिघडते, असे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हा औषधे सोडून त्यांनी नैसर्गिक महिन्यात सुटणारे एकच बीज घ्यायचे ठरवले. मूत्रातील संप्रेरक दिवसरात्र मोजून वेळ गाठायची आणि ज्या तासाला बीज पक्व होईल त्या तासाला शस्त्रक्रिया करायची. २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन जन्मली. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तोवर पर्डी आणि स्टेप्टो हयात नव्हते.

त्यानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, आपल्या कोलकात्यात एक मुलगी जन्मली. तिचे श्रेय डॉ. सुभाष मुखर्जी यांचे. त्यांची युक्ती वेळेच्या प्रश्नाला थेट भिडणारी होती. त्यांनी औषधे देऊन बीजे मिळवली, फलन केले, पण भ्रूण त्याच महिन्यात गर्भाशयात ठेवला नाही. तो त्रेपन्न दिवस गोठवून ठेवला आणि पुढे औषधांचा परिणाम ओसरल्यावर, अस्तर आपल्या नैसर्गिक चालीवर आल्यावर आत सोडला. बी कणगीत ठेवावे आणि वाफसा आल्यावर पेरावे, तसे हे झाले. इंग्लंडमधल्या तिघांनी औषधे टाकून वेळ साधली, तर मुखर्जींनी औषधेही वापरली आणि वेळही साधली. गोठवलेल्या भ्रूणातून जन्मलेले मूल पाश्चात्य जगाने पाहिले ते १९८४ मध्ये, ऑस्ट्रेलियात. आज जगभर भ्रूण गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात ठेवणे ही नित्याची पद्धत झाली आहे.

पण मुखर्जींच्या वाट्याला काय आले? राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा मानला नाही. परदेशी जाऊन आपले काम मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. पुढे त्यांची बदली नेत्रविज्ञानाच्या संस्थेत झाली. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

येथे आपल्या महाराष्ट्राचा संबंध येतो, आणि तो अभिमानाने सांगावा असा आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अशाच उपचाराने एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते यश. देशातली पहिली म्हणून त्या घटनेची नोंद झाली. पुढे मुखर्जींची कागदपत्रे आनंद कुमार यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली आणि १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले की, पहिलेपणाचा मान माझा नव्हे, तो मुखर्जींचा आहे. आपल्या डोक्यावरचा मुकुट उतरवून दुसऱ्याच्या स्मृतीला वाहणारी माणसे शास्त्रात विरळा. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी.

भ्रूण गोठवता येऊ लागल्यावर वेळ डॉक्टरच्या हाती आली. बाहेरून इस्ट्रोजेन देऊन अस्तर वाढवायचे, मग प्रोजेस्टेरॉन सुरू करायचे आणि पाच दिवस वाढलेला भ्रूण प्रोजेस्टेरॉनचे सुमारे पाच दिवस भरल्यावर आत ठेवायचा, असा सर्वसाधारण हिशेब बसला. निसर्गात ही वेळ किती ताणली जाते, हे १९९९ साली अमेरिकेतील अॅलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजले. त्यांनी गर्भाची इच्छा असलेल्या २२१ स्त्रियांचे मूत्र रोजच्या रोज तपासले. जे गर्भ टिकले त्यांपैकी १०० पैकी ८४ गर्भ बीज सुटल्यानंतर आठव्या, नवव्या किंवा दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांपैकी १३ टक्के लवकरच गेले. दहाव्या दिवशी रुजलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के, अकराव्या दिवशी ५२ आणि त्यापुढे ८२ टक्के. दोन-तीन दिवसांचा हा फरक, पण त्याची किंमत केवढी!

तेव्हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. सगळ्यांना एकच वेळ लावणे बरोबर आहे काय? काळ्या रानाचा वाफसा आणि मुरमाड रानाचा वाफसा एका दिवशी येत नाही. मग दोन स्त्रियांचे अस्तर एका तासाला कसे तयार होईल? १९५० चे पंचांग या कामी उपयोगी पडेनासे झाले होते. २००४ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोठ्या पाहणीत असे दिसले की, अस्तराचा दिवस ‘चुकलेला’ आढळणे हे मूल होणाऱ्या स्त्रियांतही जवळजवळ तितकेच होते, जितके मूल न होणाऱ्यांत. जी खूण निरोगी आणि रोगी दोघांतही सारखी, ती रोग ओळखायला काय कामाची?

मग स्पेनमधील वॅलेन्सिया येथे कार्लोस सिमोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे पंचांग बांधले. २०११ मध्ये त्यांनी अस्तरातील २३८ जनुकांची हालचाल मोजणारी तपासणी प्रसिद्ध केली. एका महिन्यात नेहमीसारखी औषधे द्यायची, पण भ्रूण ठेवायचा नाही. त्याऐवजी ठरल्या वेळी अस्तराचा तुकडा काढून पाहायचे, तयार आहे की नाही. तयार नसेल तर पुढच्या खेपेला बारा किंवा चोवीस तास आगेमागे करून भ्रूण ठेवायचा. २०१३ मध्ये त्यांनी वारंवार अपयश आलेल्या ८५ स्त्रियांचा अहवाल दिला. त्यांतल्या सुमारे चतुर्थांश स्त्रियांची वेळ सरकलेली आढळली. तुलनेसाठी घेतलेल्या २५ जणींत हे प्रमाण १२ टक्के होते. वेळ बदलून भ्रूण ठेवलेल्या स्त्रिया मोजक्याच होत्या, पण त्यांतल्या काहींना दिवस राहिले. बातमी पसरली आणि तपासणी जगभर विकली जाऊ लागली.

येथे जरा थांबून विचार करू. शाळेतला एक मुलगा दोनदा नापास झाला. तिसऱ्या वेळी त्याच्या आईने ताईत बांधला आणि तो पास झाला. ताईताने पास झाला काय? कदाचित तो तसाही झाला असता. हे ठरवायचे तर सारखीच पन्नास मुले घ्यावी लागतील आणि चिठ्ठ्या टाकून पंचवीसांनाच ताईत बांधावा लागेल. औषधोपचाराची परीक्षा अशीच करतात.

तशी परीक्षा झाली. २०२० मध्ये सिमोन यांच्याच गटाने ४५८ स्त्रियांवरील पाच वर्षांच्या चाचणीचा निकाल दिला. चिठ्ठीने ज्या गटात पडल्या त्या सगळ्यांना धरून मोजले, तर मूल होण्याच्या प्रमाणात ठाम फरक दिसला नाही. ठरलेला उपचार तंतोतंत पार पडला तेवढ्यांनाच मोजले तेव्हा फायदा दिसला. पण मधेच गळालेल्यांची संख्या मोठी होती. शाळा सोडून गेलेल्या मुलांची नावे हजेरीतून काढली की निकाल चांगला दिसतोच. मग २०२२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीचा निकाल आला. तीत ७६७ स्त्रिया होत्या. अस्तराची तपासणी सर्वांची केली, गुणसूत्रे ठीक असलेला एकेक भ्रूण ठेवला. एका गटात तपासणीने सांगितलेली वेळ पाळली, दुसऱ्या गटात नेहमीची. कोण कोणत्या गटात, हे स्त्रियांनाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरांनाही. वेळ बदललेल्या गटात १०० पैकी सुमारे ५८ जणींना मूल झाले, नेहमीच्या वेळेच्या गटात सुमारे ६२ जणींना. म्हणजे तपासणीने लाभ झाला नाही.

कोणी म्हणेल, त्या सर्वसाधारण स्त्रिया होत्या, वारंवार अपयश आलेल्यांचे काय? प्रश्न रास्त आहे. त्या चाचणीतल्या स्त्रिया खास वारंवार अपयशाच्या म्हणून निवडलेल्या नव्हत्या. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली एक पाहणी येथे उजेड पाडते. ज्यांच्याकडे गुणसूत्रे ठीक असलेले भ्रूण होते अशा ४,४२९ स्त्रियांचा तीत हिशेब आहे. एका वेळी एक याप्रमाणे तीन भ्रूण ठेवेपर्यंत सुमारे ९५ टक्के स्त्रियांचा गर्भ रुजून टिकेल, असा त्याचा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ, अस्तराच्या दोषाने पुन्हा पुन्हा अपयश येणे ही गोष्ट वाटते त्यापेक्षा बरीच दुर्मीळ आहे. पुष्कळदा कारण भ्रूणाच्या गुणसूत्रांत असते, आणि वयाबरोबर, विशेषतः चाळिशीनंतर, तो दोष झपाट्याने वाढतो. पुरुषाच्या बीजाचाही वाटा असतो. क्षेत्राला बोल लावण्याआधी बीज पाहावे, हे येथेही खरे ठरले.

मग वेळ महत्त्वाची नाही असे समजायचे काय? तसे मुळीच नव्हे. हीपपासून विलकॉक्सपर्यंत सगळा इतिहास वेळेचे महत्त्वच सांगतो. प्रश्न एवढाच, की एका महिन्यात अस्तराचा तुकडा काढून, पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या अस्तराचा तास त्यावरून खात्रीने सांगता येतो काय? आजवरचा पुरावा त्याला ‘होय’ म्हणत नाही. एखाद्या स्त्रीला उपयोग होतही असेल, पण ती कोण हे आधी ओळखण्याचा भरवशाचा मार्ग अजून हाती नाही.

म्हणून अपयशाने खचलेल्या जोडप्याने डॉक्टरांना काही साधे प्रश्न विचारावेत. केंद्र २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदलेले आहे ना? मागचे भ्रूण कोणत्या प्रतीचे होते? बीज मिळवले तेव्हा वय किती होते? पुरुषाची तपासणी पुरी झाली काय? गर्भाशयात गाठ, मस्सा किंवा सूज नाही ना, हे पाहिले काय? भ्रूण ठेवताना रक्तात प्रोजेस्टेरॉन पुरेसे होते काय? आणि जी नवी तपासणी सुचवता, ती केल्याने मूल होण्याची शक्यता वाढते हे चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीत दिसले आहे काय? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगला डॉक्टर उत्तर देतो, आणि ‘ठाऊक नाही’ म्हणायचे असेल तर तेही सांगतो.

राहिला प्रश्न घरातल्या आणि गावातल्या लोकांचा. ज्या गोष्टीचा तास हेरायला शंभर-सव्वाशे वर्षे मोठमोठे शास्त्रज्ञ झटले आणि जी अजून पुरती हाती आलेली नाही, तिचा दोष सुनेच्या पायगुणावर टाकणारे आपण कोण? हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला एखाद्या बाईला वगळले जाते तेव्हा तेथे एखादी शिक्षिका असेल, तर तिने तिला हाताला धरून आत बोलवावे. शाळेत प्रजननाचा धडा आला की तो ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देऊ नये. मुलामुलींना तो एकत्र आणि नीट शिकवावा, आणि शिकवताना कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींचे नाव फळ्यावर लिहावे.